शेपूट नव्हे, निशाण

नोव्हेंबर २०२५ मध्ये अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेच्या (पीआरएल) शास्त्रज्ञांनी माउंट अबू येथील १.२ मीटर व्यासाच्या दुर्बिणीतून थ्री-आय/अ‍ॅटलास या आंतरतारकीय धूमकेतूचे निरीक्षण केले. प्रतिमेत केंद्राभोवती जवळजवळ वर्तुळाकार, धूसर तेजोवलय होते. वर्णपटात कार्बनच्या दोन व तीन अणूंच्या रेणूंचे आणि सीएन या रेणूचे पट्टे होते. दुसऱ्या एखाद्या ताऱ्याभोवती घडलेल्या आणि तेथून निसटून आपल्याकडे आलेल्या वस्तूत आपल्या सूर्यकुलातील धूमकेतूंसारखेच रेणू सापडावेत, ही बातमी खरोखर मोठी होती. परंतु समाजमाध्यमांवर तिच्याखाली चर्चा रंगली ती एकाच प्रश्नाची : शेपूट कुठे आहे?

त्याआधीच्या महिन्यांत याच्या नेमका उलट प्रश्न गाजला होता. जुलै २०२५ मध्ये हबल दुर्बिणीने घेतलेल्या प्रतिमेत या धूमकेतूची धूळ सूर्याच्या दिशेने पुढे आलेली दिसली. ‘शेपूट उलटी आहे, म्हणजे हा धूमकेतू नाही, हे परग्रहवासीयांचे यान आहे,’ असा निष्कर्ष काढणाऱ्या चित्रफिती सर्व भाषांत फिरल्या. मराठीतही फिरल्या. त्यांतील गणित तपासण्यासारखे नव्हतेच, कारण गणित नव्हते. होता तो फक्त एक शब्द, आणि त्या शब्दावर रचलेला तर्क. शेपूट प्राण्याच्या मागे असते. या वस्तूची शेपूट मागे नाही. म्हणून ही वस्तू संशयास्पद आहे.

या तर्काचे मूळ आकाशात नसून भाषेत आहे, असे माझे मत आहे. आणि विज्ञान शिकवणाऱ्यांनी ते गंभीरपणे घ्यावे असे मला वाटते. शब्द ही केवळ चिठ्ठी असते, वस्तूवर कोणतीही चिकटवली तरी चालते, असे आम्ही भौतिकीचे लोक सहज म्हणतो. ते आमच्यापुरते खरे असेल, कारण आमच्याजवळ समीकरणे असतात. ज्याच्याजवळ केवळ शब्द आहे त्याच्यासाठी तो शब्दच प्रतिमान असतो.

आपल्या देशात या वस्तूला किती नावे आहेत ते पाहावे. हिंदीत पुच्छल तारा, उर्दूत दुमदार सितारा, गुजरातीत पूंछडियो तारो. तमिळ व मल्याळममध्ये ‘वाल्’ म्हणजे शेपूट, म्हणून वाल् नक्षत्र. तेलुगूत तोकचुक्क, तोक म्हणजे शेपूट, चुक्क म्हणजे ठिपका किंवा तारा. भाषाकुळे भिन्न, लिप्या भिन्न, पण पाहणाऱ्या डोळ्यांना सर्वत्र शेपूटच दिसली. मराठीने मात्र थोडी निराळी वाट धरली. आपल्या जुन्या बोलीतला शब्द आहे शेंडेनक्षत्र. तारा आहे आणि त्याला शेंडी आहे. म्हणजे शेपूट नव्हे, केस.

इथे मराठी नकळत ग्रीकांच्या पंगतीत जाऊन बसते. ‘कॉमेट’ हा इंग्रजी शब्द ग्रीक ‘कोमेटेस’वरून आला आणि त्याचा अर्थ ‘लांब केसांचा’. ‘कोमे’ म्हणजे डोक्यावरचे केस. अ‍ॅरिस्टॉटलने अशा ताऱ्यांचे केसाळ आणि दाढीवाले असे दोन प्रकार सांगितले होते. धूमकेतूच्या केंद्रकाभोवतीच्या वायू-धुळीच्या आवरणाला आपण आजही ‘कोमा’ म्हणतो, तोही याच केसांचा अवशेष. (रुग्णालयातला कोमा निराळ्या ग्रीक शब्दातून आला आहे, त्याचा अर्थ गाढ झोप.) अरबीत केसांच्या बटेचा तारा आणि शेपटीचा तारा अशी दोन्ही नावे नांदली, आणि फारसी ग्रंथांतून ती हिंदुस्थानात आली. १५७७ चा प्रसिद्ध धूमकेतू अकबराच्या दरबारातही नोंदला गेला. अबुल फजलने ‘अकबरनाम्या’त त्याची दखल घेतली आहे. चिनी निरीक्षकांनी तर या वस्तूला झाडू म्हटले. इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद झालेल्या मावांगदुई येथील थडग्यात सापडलेल्या रेशमी पटावर निरनिराळ्या घाटांचे धूमकेतू रेखाटलेले आहेत, आणि त्यांतले बरेचसे खरोखरच उभ्या केरसुणीसारखे दिसतात.

शेपूट, शेंडी, बट, झाडू. या सर्व प्रतिमांत एक गोष्ट समान आहे : जे दिसते ते त्या वस्तूचा अवयव आहे, तिला जोडलेले आहे, तिच्याबरोबर फिरते.

संस्कृतने दिलेला आणि मराठी, बंगाली, कन्नड यांनी ग्रंथभाषेत स्वीकारलेला शब्द या रांगेत बसत नाही. धूमकेतू. शाळेत समास शिकताना आपण विग्रह घोकलेला असतो : धूम आहे केतू ज्याचा तो. बहुव्रीही. येथे ‘केतू’ म्हणजे शेपूट नव्हे. केतू म्हणजे ध्वज, खूण, दुरून ओळख पटवणारे चिन्ह. शिवाच्या ध्वजावर वृषभ म्हणून तो वृषकेतू. त्याच चालीवर, ज्याचा ध्वज धुराचा आहे तो धूमकेतू. मराठीत या केतूसाठी एक सुरेख प्रतिशब्द आहे, निशाण. त्यात झेंडाही आला आणि खूणही आली.

हा शब्द मुळात आकाशातल्या पाहुण्यासाठी घडलेला नव्हता. ऋग्वेदात धूमकेतू हे अग्नीचे विशेषण आहे. ज्वाळा दिसण्याआधी, पुष्कळदा ज्वाळा न दिसताच, लांबून दिसतो तो धूर. तो अग्नीचा ध्वज. पुढे न्यायशास्त्रातल्या अनुमानाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण हेच झाले : डोंगरावर धूर दिसतो, यास्तव तेथे अग्नी आहे. अथर्ववेदाच्या एकोणिसाव्या कांडात धूमकेतूचा उल्लेख मृत्यूबरोबर येतो आणि त्याची शांती मागितलेली आहे. तेथून हा शब्द आकाशातील अपशकुनाकडे सरकलेला दिसतो. अर्थ बदलला, विग्रह तोच राहिला.

आणि तो विग्रह भौतिकीच्या दृष्टीने विलक्षण नेमका बसतो. धूमकेतूचे केंद्रक आपल्याला जवळपास कधीच दिसत नाही. थ्री-आय/अ‍ॅटलासच्या केंद्रकाचा व्यास हबलच्या निरीक्षणांवरून जास्तीत जास्त ५.६ किलोमीटर असावा असा अंदाज आला. प्रत्यक्षात तो याहून पुष्कळ लहानही असू शकेल. एवढा काळपट दगड-बर्फाचा गोळा कोट्यवधी किलोमीटरांवरून कोण पाहणार? हॅलेच्या धूमकेतूला माणूस दोन हजार वर्षांहून अधिक काळ ओळखत होता, पण त्याचे केंद्रक जवळून प्रथम पाहिले गेले मार्च १९८६ मध्ये, अवकाशयानांच्या कॅमेऱ्यांतून. सुमारे १५ किलोमीटर लांब, बटाट्यासारखा वेडावाकडा, आणि पडणाऱ्या प्रकाशापैकी जेमतेम ४ टक्के परत फेकणारा, कोळशाइतका काळा. आपण पाहतो तो धूर. ज्याचा तो धूर आहे, ती वस्तू अनुमानाने जाणायची.

परंतु ‘केतू’ शब्दाचे खरे बळ दिशेच्या प्रश्नात आहे.

शेपूट प्राण्याच्या मागे असते, कारण ती त्याच्या शरीराचा भाग आहे. ध्वज मात्र ध्वज धरणारा कुठे निघाला आहे हे सांगत नाही. वारा कुठे निघाला आहे हे सांगतो. घोडेस्वार पश्चिमेकडे दौडत असेल आणि वारा त्याच्या पाठीमागून त्याच्याहून वेगाने येत असेल, तर झेंडा त्याच्या पुढे फडकेल. यात कोणालाही गूढ वाटत नाही. धूमकेतूचे तसेच आहे. सूर्याकडे येताना त्याचा पिसारा मागे असतो, सूर्याला वळसा घालताना तो बाजूला झुकतो, आणि परतीच्या वाटेवर तो धूमकेतूच्या पुढे चालतो. प्रत्येक वेळी तो सूर्यापासून दूर, बाहेरच्या बाजूला असतो. चिनी निरीक्षकांनी नवव्या शतकातच हे टिपले होते. युरोपात १५३१ च्या धूमकेतूचे (तो हॅलेचाच) निरीक्षण करून पेटर अपियान याने ते चित्रांसह मांडले.

मग तो वारा कोणता? एक तर प्रकाश स्वतःच. सूर्यप्रकाशाला अत्यल्प का होईना दाब असतो, आणि मायक्रॉनभर आकाराच्या धूलिकणांवर तो गुरुत्वाकर्षणाशी झुंजण्याइतका परिणामकारक ठरतो. त्यातून धुळीचा रुंद, पिवळसर, वाकलेला पिसारा तयार होतो. पण त्याखेरीज निळसर, सरळ, अरुंद असा आयनांचा दुसरा पिसारा असतो, आणि त्याचा हिशेब प्रकाशाच्या दाबाने जुळेना. १९४३ मध्ये कूनो हॉफमाइस्टर याने दाखवले की हा आयनांचा पिसारा सूर्याच्या नेमक्या विरुद्ध दिशेला नसून सुमारे ६ अंशांनी मागे रेंगाळतो. पावसात चालताना छत्री थोडी पुढे कलवावी लागते, त्यातलाच हा प्रकार. धूमकेतू सेकंदाला चाळीस-पन्नास किलोमीटर वेगाने आडवा जात असेल आणि कोन ६ अंशांचा असेल, तर वाऱ्याचा वेग त्याच्या दहापट, म्हणजे सेकंदाला चार-पाचशे किलोमीटर भरतो. अकरावीच्या विद्यार्थ्याने वहीच्या कोपऱ्यात करावे इतके हे गणित सोपे आहे. १९५१ मध्ये लुडविग बिअरमन याने धूमकेतूंच्या पिसाऱ्यांवरूनच ठामपणे सांगितले की सूर्यातून विद्युतभारित कणांचा प्रवाह सतत, सर्व दिशांना वाहत असला पाहिजे. अवकाशात एकही यान गेलेले नव्हते तेव्हाची ही गोष्ट. धुराच्या निशाणावरून वाऱ्याचा शोध लागला तो असा.

पुढचा भाग भारतीय वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावा. १९५८ मध्ये यूजीन पार्कर या तरुण शास्त्रज्ञाने या प्रवाहाचे गणिती स्पष्टीकरण देऊन त्याला ‘सोलर विंड’, म्हणजे सौरवात, हे नाव दिले. ‘अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नल’च्या दोन्ही परीक्षकांनी त्याचा निबंध नाकारण्याची शिफारस केली. संपादक होते सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर. पार्करची कल्पना त्यांना स्वतःलाही पटली नव्हती. पण परीक्षकांना गणितात चूक दाखवता आलेली नाही, एवढे पाहून त्यांनी निबंध छापला. चारच वर्षांनी, १९६२ मध्ये, शुक्राकडे निघालेल्या मरिनर-२ यानाने सौरवात प्रत्यक्ष मोजला. न पटलेले मत केवळ निर्दोष आहे म्हणून छापणारे संपादक आज किती उरले आहेत, हा वेगळ्या लेखाचा विषय.

आज आपले आदित्य-एल१ यान पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरांवर राहून हाच वारा मोजत आहे. त्यावरील ‘अ‍ॅस्पेक्स’ हे सौरवाताचे उपकरण पीआरएलने घडवले आहे. म्हणजे ज्या संस्थेने माउंट अबूवरून निशाण पाहिले, तिचेच उपकरण अवकाशात वारा चाचपत आहे. दोन बातम्या वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या मथळ्यांखाली येतात. त्या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत हे सांगायला कोणी थांबत नाही.

येथे मला एक धोका दिसतो, आणि त्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. ‘धूमकेतू’ शब्द किती समर्पक आहे असे लिहिले की लगेच कोणीतरी म्हणेल, ‘पाहा, आपल्या ऋषींना सौरवात ठाऊक होता.’ नव्हता. ज्यांनी अग्नीला धूमकेतू म्हटले त्यांना डोंगरावरचा धूर ठाऊक होता, आणि तो त्यांनी फार बारकाईने पाहिला होता. शब्द पुढे आपल्या ज्ञानाला सोयीचा ठरला ही आपली मिळकत आहे, त्यांचे भाकीत नव्हे. प्राचीनांचा खरा आदर करायचा तर त्यांनी जे म्हटले ते वाचावे. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त केतुचार नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. केतू किती, या प्रश्नावर तो मतभेद सरळ नोंदवतो : कोणी एकशे एक म्हणतात, कोणी हजार, आणि नारदमुनींच्या मते केतू एकच, तो निरनिराळ्या रूपांत दिसतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, यांचे उदय-अस्त गणिताने जाणता येत नाहीत, असे तो स्वच्छ सांगतो. ग्रहणाचे गणित करणाऱ्या माणसाने ‘येथे माझे गणित चालत नाही’ असे लिहून ठेवणे मला त्या अध्यायातल्या सर्व शकुनफलांहून मोलाचे वाटते. आणि गंमत पाहा : एकच धूमकेतू पुन्हा पुन्हा येतो हे एडमंड हॅलेने १७०५ मध्ये गणिताने मांडले, तेव्हा अनेक केतूंपैकी काही तरी खरोखर ‘एकच’ ठरले. नारदमताला मात्र याचे श्रेय देऊ नये. त्याच्यामागे हिशेब नव्हता.

(पंचांगातला केतू तो हा नव्हे. तो चंद्राच्या कक्षेचा पातबिंदू. वराहमिहिराच्या अध्यायातले केतू अनेक आहेत आणि ते डोळ्यांना दिसतात. पंचांगातला केतू एक आहे आणि तो कोणालाच दिसत नाही. दोन्ही एकच समजून धूमकेतूची ‘दशा’ सांगणाऱ्यांनी निदान कोणत्या केतूची सांगतो आहोत एवढे ठरवावे.)

आता त्या ‘उलट्या शेपटी’कडे येऊ. केंद्रकाची जी बाजू सूर्याकडे असते ती तापते, तेथील बर्फाचे बाष्प होते आणि धूळ उसळते ती सूर्याच्याच दिशेने. ती लगेच मागे ढकलली जाईल की नाही हे कणांच्या आकारावर अवलंबून असते. कण जितका मोठा तितका प्रकाशाचा दाब त्याच्या वजनाच्या मानाने दुबळा. मोठे, संथ कण पुढे बराच काळ रेंगाळतात आणि आपल्याला सूर्याकडे झुकलेला तुरा दिसतो. दुसराही एक प्रकार आहे, तो निव्वळ दृष्टिकोनाचा : धूमकेतूच्या कक्षेच्या प्रतलात पसरलेल्या धुळीच्या पातळ पत्र्याकडे पृथ्वी कडेने पाहू लागली की तो एका टोकदार रेषेसारखा सूर्याच्या बाजूलाही दिसतो. एप्रिल १९५७ मध्ये आरेन्ड-रोलां धूमकेतूने असे भाल्याचे टोक दाखवले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये संध्याकाळच्या आकाशात आलेल्या त्सुचिनशान-अ‍ॅटलासनेही दाखवले. मैदानातल्या धुळीचा लोट वाऱ्याविरुद्ध काही पावले उडतो म्हणून वारा खोटा ठरत नाही. पण ‘शेपूट’ या शब्दाच्या चौकटीत ही सगळी भौतिकी बसत नाही, आणि जे बसत नाही ते यान होते.

शब्दाने भय निर्माण केल्याची उदाहरणे जुनी आहेत. मे १९१० मध्ये पृथ्वी हॅलेच्या धूमकेतूच्या पिसाऱ्यातून जाणार असल्याचे गणित निघाले. पिसाऱ्याच्या वर्णपटात विषारी सायनोजेन आढळल्याची बातमी आधीच पसरली होती. युरोप-अमेरिकेत लोकांनी दारांच्या फटी बुजवल्या, धूमकेतूवरच्या गोळ्या विकल्या गेल्या. ‘शेपटीचा तडाखा’ बसणार होता ना! प्रत्यक्षात तो पिसारा आपल्या प्रयोगशाळांतल्या निर्वातापेक्षाही विरळ असतो. तडाखा बसला नाही. कोडाईकनाल वेधशाळेत त्याच दिवसांत त्या धूमकेतूची छायाचित्रे शांतपणे घेतली जात होती. याच वेधशाळेची धुरा पुढे वेणू बाप्पू यांनी वाहिली. १९४९ मध्ये हार्वर्ड येथे विद्यार्थी असताना बोक आणि न्यूकर्क यांच्यासह त्यांना सापडलेल्या धूमकेतूवर त्यांचे नाव आहे.

‘शेपूट’ शब्द हद्दपार करा असे मी म्हणत नाही. भाषा आदेशाने चालत नाही, आणि तमिळ आजीच्या वाल् नक्षत्राला हात लावण्याचा अधिकार मला कोणी दिला? माझे म्हणणे एवढेच आहे की पाठ्यपुस्तकात आणि बातमीत या शब्दाबरोबर सूर्यही यावा. सूर्याशिवाय काढलेले धूमकेतूचे चित्र अपुरे असते. त्यात दिशा नसते. आज मोबाइलवरच्या चिन्हापासून वर्गातल्या तक्त्यापर्यंत धूमकेतू असा काढतात की जणू तो सुसाट निघाला आहे आणि मागे ज्वाळा सुटल्या आहेत. ते चित्र उल्केचे आहे. उल्केची रेघ खरोखरच तिच्या मागे असते, कारण ती आपल्या वातावरणाला घासून जाते. ज्या विद्यार्थ्याच्या डोक्यात ही दोन चित्रे एकमेकांत मिसळली, त्याला पुढे आयनांचा पिसारा शिकवताना आधी ते चित्र पुसावे लागते, आणि पुसणे हे रेखाटण्याहून अवघड.

मराठीपुरते बोलायचे तर आपल्याजवळ साधने तयार आहेत. धुळीच्या भागाला ‘पिसारा’ हा शब्द रूढ आहेच. तो उलगडतो, फुलतो, वाकतो, म्हणून मला तो शेपटीपेक्षा फार आवडतो. आयनांच्या सरळ पट्ट्याला ‘पताका’ म्हणावे असे मी सुचवेन. कोणाला याहून चांगला शब्द सुचला तर तो आनंदाने वापरीन.

आणि जेथे शेपूट हाच शब्द योग्य आहे तेथे तो निःशंक वापरावा. तिमिंगल तारकासमूहातील ‘मीरा’ हा तारा सेकंदाला सुमारे १३० किलोमीटर वेगाने आंतरतारकीय वायूतून धावत आहे. २००७ मध्ये गॅलेक्स या अवकाश दुर्बिणीने अतिनील प्रकाशात घेतलेल्या प्रतिमांत त्याच्यामागे १३ प्रकाशवर्षे लांबीचा माग दिसला. तेथे वारा बाहेरून येत नाही, ताऱ्याच्या धावण्यानेच तो निर्माण होतो, आणि तारा सांडत असलेले द्रव्य इमानाने त्याच्या मागे राहते. गेल्या तीस हजार वर्षांत तो कोणत्या वाटेने आला हे त्या मागावरून वाचता येते. खराखुरा शेपटीचा तारा.

थ्री-आय/अ‍ॅटलास मात्र २९ ऑक्टोबर २०२५ च्या सुमारास सूर्याला वळसा घालून परत फिरला आहे. तो पुन्हा येणार नाही. त्याची कक्षा बंद नाही. गुरूच्या कक्षेपलीकडे, आणि मग सूर्यकुलाबाहेर, तो जाईल तेव्हा सूर्याचा वारा त्याच्या पाठीशी असेल, आणि बर्फ शिल्लक असेल तोपर्यंत त्याचे निशाण त्याच्या पुढे चालेल.